भरल्या ताटावरून उठलेला माणूस

आमच्या आण्णांनी सगळं आयुष्य नववी-दहावीच्या मुलांना पहिलं महायुद्ध शिकवण्यात घालवलं. साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलात ते इतिहासाचे मास्तर होते. युद्धाची कारणं ते नेहमी एकाच क्रमाने फळ्यावर लिहायचे. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार. मग खडू ठेवून हात झटकायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "आणि तात्कालिक कारण?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "राजपुत्राचा खून." मीही त्या वर्गात बसले आहे आणि मीही ओरडले आहे. त्या वयात महायुद्ध म्हणजे परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, यापलीकडे त्याची काही भीती नव्हती.

तो धडा त्यांनी शेवटचा शिकवला तो इंग्लंडात, लेस्टरमध्ये, माझ्या डायनिंग टेबलाशी, माझ्या लेकीला. आई गेल्यापासून आण्णा व्हिजिटर व्हिसावर येऊन-जाऊन असायचे. गावात त्यांना कुणी उरलं नव्हतं आणि इथे मला. माझा नवरा भूल देणारा डॉक्टर होता, करोनाच्या पहिल्या लाटेत गेला. मी त्याच हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. कोणत्या पेशंटच्या पोटात काय जातंय आणि काय जायला हवं हे बघणं माझं काम. घरी आल्यावर मी तेच करते, आणि त्याबद्दल लेकीची आणि आण्णांची दोघांची तक्रार असायची.

सप्टेंबर होता. लेकीच्या शाळेत युद्ध सुरू झालं होतं. तिने लॅपटॉप उघडून ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, मिसने सांगितलंय, आपल्या फॅमिलीमधला कोणी फर्स्ट वर्ल्ड वॉरला गेला असेल तर त्याच्यावर प्रेझेंटेशन करायचं. आपला कोणी होता का?"

"माझे आजोबा गेले होते," आण्णा म्हणाले.

"सीरियसली? मग? ही डाईड?"

आण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ते अजून आलेले नाहीत," ते म्हणाले.

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी कणीक मळत होते. मला हे वाक्य नवं नव्हतं. आमच्या घरात ते असंच म्हटलं जायचं. कुणी ते गेले असं म्हणायचं नाही.

माझे पणजोबा पलटणीत शिपाई होते. आमच्या भागातली पुष्कळ माणसं तेव्हा पलटणीत होती. शेत कोरडवाहू, भाऊ चार, आणि सरकार पोशाख आणि दोन वेळचं जेवण द्यायचं. आण्णांना लेक जेव्हा विचारायला लागली की तुमचे आजोबा कोणत्या कारणासाठी लढत होते, इम्पिरियलिझम का नॅशनलिझम, तेव्हा ते हसले. म्हणाले, "बाळ, त्यांना या कारणांतलं एकही ठाऊक नव्हतं. राजपुत्र कुठला, कुणाचा, कुणी मारला, काही नाही. मी पोरांना ही कारणं शिकवायचो ना, तेव्हा रोज वाटायचं, यात आमच्या घराचं कारण कुठे आहे?"

आमच्या घराचं तात्कालिक कारण एवढंच होतं की सुट्टीवर आलेला माणूस जेवायला बसला होता आणि बाहेरून हाक आली. पलटण निघाली होती, सुट्ट्या रद्द झाल्या होत्या, बोलवायला आलेला माणूस दारात उभा होता. पणजोबा भरल्या ताटावरून उठले. हात धुतले आणि बायकोला म्हणाले, आलोच. पोर पाळण्यात होतं. तेच पोर म्हणजे आण्णांचे वडील.

भरल्या ताटावरून उठू नये, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पणजीने त्या दिवसाचं ताट झाकून ठेवलं, आणि खरं सांगायचं तर उभ्या जन्मात त्यावरचं झाकण काढलं नाही.

सरकारकडून निरोप आला तो बेपत्ता म्हणून. पुढे बऱ्याच काळाने पेन्शन घेऊन जा म्हणून बोलावणं आलं, तर ती गेली नाही. विधवेची पेन्शन मी कशाला घेऊ, म्हणाली. बारा वर्षं उलटल्यावर भाऊबंद म्हणायला लागले, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊन टाकू, माणूस मोकळा होईल. तिने उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना परत पाठवलं. गावच्या चावडीवर इंग्रजांनी एक संगमरवरी पाटी बसवली होती, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली इतकी मेली. नावं नाहीत, नुसते आकडे. त्या पाटीवरून जाताना ती म्हणायची, यात आमचे नाहीत. आकड्याला काय सांगणार, त्यात कोण आहे आणि कोण नाही.

ती म्हातारी होऊन, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, हिरव्या बांगड्यांसह गेली. तिला अहेवपणाचं मरण आलं असं गावाने मानलं. तेव्हापासून पितृपंधरवड्यात नवमीला तिच्या नावाने आमच्याकडे सवाष्ण जेवायला बसते. आणि म्हाळाच्या दिवशी, म्हणजे पितरांना जेवू घालायच्या दिवशी, आमच्याकडे एक जागा मोकळी राहते. भटजी तीन पिढ्यांची नावं घेतात, वडील, आजोबा, पणजोबा. मधला माणूस हयात असेल तर त्याला ओलांडून पुढच्याचं नाव घ्यायचं असा नियम आहे. आण्णा वडिलांचं नाव सांगायचे, आणि मग म्हणायचे, आजोबा हयात. गावचे भटजी तसेच पुढे जायचे. असा सव्वाशेच्या वर वयाचा माणूस आमच्या घरात हयात होता, आणि त्याला जेवायला मात्र कुणी वाढत नव्हतं.

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि लहानपणापासून त्याचा रागही यायचा. म्हाताऱ्या बाईचा हट्ट, आणि तिच्यापुढे मान तुकवणारी पुरुष माणसं, असं मी समजत होते. खरं काय ते आण्णांनी मला त्याच सप्टेंबरात, नवमीच्या दिवशी सांगितलं.

त्या दिवशी शेजारच्या गुजराती मावशींना आम्ही सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. मी विधवा, आता सवाष्णीच्या पानावर बसण्यातली नाही. मावशींची ओटी मी भरली नाही, लेकीकडून भरवली. मावशी म्हणाल्या, "अरे बेटा, तू भर ने, मला काही नाही." मी म्हटलं, असू दे. त्या खीर खाऊन, उरलेले वडे डब्यात घेऊन गेल्या. आण्णा खिडकीशी बसले होते. पणजीचा फोटो त्यांनी बॅगेतून आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. सकाळीच त्यांनी काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, ओल्या बोटाने कुंकू लावलं होतं.

"पुढच्या वर्षी मी काही नसतो," ते म्हणाले. त्यांचं हृदय थकलं होतं, पाय सुजायचे, जेवण निम्म्यावर आलं होतं. मला रिपोर्टांतले आकडे कळतात, म्हणून मी नाही म्हटलं नाही. "जाण्याआधी आजोबांना जेवू घालावं असं मनात आहे. अमावास्येला. तिथी माहीत नसलेल्यांना त्या दिवशी घालतात."

"मग घाला की," मी म्हटलं. "पण इतकी वर्षं हयात म्हणत होतात, आता एकदम काय झालं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं.

पणजोबांबरोबरचा एक शिपाई युद्धानंतर परत आला होता. आमच्याच गावचा, पणजोबांच्या तंबूतला. गावात त्याला सगळे जमादार म्हणायचे. तो परत आला त्या दिवशी पणजी पोराचा हात धरून त्याच्या दारात गेली. तिने एवढंच विचारलं, "जेवत होते ना?" आणि तो म्हणाला, "व्हय वैनी, मी शेवटचं बघितलं तवा जेवतच हुते." त्यावर ती घरी आली. जेवत होते म्हणजे आहेत. तिचा सगळा जन्म त्या एका वाक्यावर उभा होता.

आण्णांना मास्तरकी लागली त्या वर्षी जमादार अंथरुणाला खिळला. त्याने आण्णांना बोलावून घेतलं. इतिहास शिकवतोस ना, म्हणाला, मग एक ऐक.

युद्धाचा तो भाग आण्णांनी आम्हाला टेबलावर मांडून दाखवला. लेकही खाली आली होती. साखरेचा डबा म्हणजे बगदाद. टेबलावरून तिरकी घातलेली तिची निळी ओढणी म्हणजे टायग्रिस नदी. दुसऱ्या टोकाला बशी ठेवली ते समुद्राकडचं बंदर. तेलाच्या रक्षणासाठी म्हणून फौज बंदरात उतरली, बंदर मिळालं, नदीने वर सरकत गेली. एकेक गाव सोपं मिळत गेलं तशी वरच्या साहेबांना बगदादची हाव सुटली. ना होड्या पुरेशा, ना औषधं, ना पीठ. बगदादच्या अलीकडे तुर्कांनी मार दिला, आणि पलटण मागे हटत नदीच्या एका वळणात येऊन अडकली. त्या गावाचं नाव कूत. आण्णांनी ओढणीच्या वळणात मिठाची वाटी ठेवली. तीन बाजूंनी पाणी, आणि बाहेर तुर्क.

"वरच्यांना बगदाद दिसत होतं," आण्णा म्हणाले. "खालच्यांना पीठ दिसत होतं, तेही कमी होत चाललेलं."

महिनोन्‌महिने वेढा उठला नाही. सोडवायला निघालेली फौज चिखलात कापली गेली. विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यातली कितीतरी नदीत पडली. मग पलटणीचे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खात होते. आपल्या माणसांनी नाही म्हटलं.

"पण आपण तर मटण खातो," लेक म्हणाली.

"मटण खातो. घोडा नाही," आण्णा म्हणाले. "खंडोबाचं वाहन ते. आपलं कुलदैवत. दसऱ्याला ज्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, त्याला कापून कसं खायचं?"

हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी यंत्रावर परवानगी मागवली, खाल्लं तर पाप नाही म्हणून निरोप आला. साहेबांनी समजावलं, दरडावलं. तरी शिपाई म्हणायचे, साहेब, तुमची परवानगी आहे, पण आमच्या गावाची कुठे आहे? घोडा खाल्लेल्या माणसाला पंगतीत कोण घेईल, त्याच्या मुलीला कोण करून घेईल? माणसं गवत उकडून खात होती, दात हलत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. जमादाराने शेवटी घोडा खाल्ला. पणजोबांनी नाही खाल्ला.

"त्यो म्हणायचा, मी ताटावरनं उठून आलोय," जमादाराने आण्णांना सांगितलं होतं. "घरला गेल्यावर त्याच ताटावर बसायचंय. घोडा खाऊन कसा बसू? म्या खाल्ला बाबा. म्या जगलो."

वेढा संपला तो शरण जाऊन. त्या दिवशी तुर्कांनी कैद्यांना बिस्किटं वाटली. काळी, विटेसारखी टणक. पणजोबांनी ती नदीच्या पाण्यात भिजवून खाल्ली. पोटभर खाल्ली. जमादार समोर बसून बघत होता. त्याच रात्री पणजोबांना कळा सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी जमादाराच्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले. तसे पुष्कळ गेले. जमादार वैनीला बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. उठून बसलेले शेवटचे बघितले ते जेवतानाच.

"खरं का नाही सांगितलं तिला?" मी विचारलं.

"सांगायचं तर मी कसा जगलो हेही सांगायला लागलं असतं, म्हणाला. घोडा खाल्ला हे त्याने गावात कुणाला कधीच सांगितलं नाही. आणि मला म्हणाला, मास्तर, ती कुंकू लावते, तिला सांगू नगंस."

लेक ओढणीची घडी घालत होती. आण्णा मला म्हणाले, "तुर्कांनी विष घातलं होतं बिस्किटांत. मी कधी वर्गात सांगितलं नाही, पुरावा नव्हता. पण माझी खात्री आहे."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मी कामावर ज्या सुरात बोलते त्याच सुरात बोलून गेले. "विष नव्हतं, आण्णा. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर दिलं की शरीराला ते पेलत नाही. रक्तातले क्षार ढासळतात, हृदय बंद पडतं. आमच्याकडे असा पेशंट आला तर आम्ही चमच्याचमच्याने सुरू करतो. बिस्किटं साधीच असणार."

आण्णांनी मिठाची वाटी स्वतःकडे ओढली. "म्हणजे अन्नानेच गेला," ते म्हणाले. शत्रूचं विष त्यांना साठ वर्षं पुरलं होतं, ते मी एका मिनिटात काढून घेतलं. मला वाईट वाटलं, पण खरं तेच होतं.

मग मी चिडले. म्हटलं, "साठ वर्षं तुम्हाला ठाऊक होतं? तुमची आजी जिवंत असताना नाही बोललात ते एक समजू शकते. पण ती गेल्यावरही तो माणूस तसाच? उपाशी मेला, आणि वर आपण त्याला दर वर्षी उपाशी ठेवतो. त्याला वाढा आता, संपवा हे."

"मनात आहे, पण वाढलं की तो गेला असं होतं," आण्णा म्हणाले. "तो गेला की ती विधवा होते. तिची नवमी बंद. तिचं कुंकू मी पुसल्यासारखं होतं."

"आण्णा, ती जाऊन किती वर्षं झाली. तिला आता काय होणार आहे?"

त्यावर ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, "करोनानंतर विमानं सुरू झाल्यावर मी आलो, तू हिथ्रोवर घ्यायला आली होतीस. ट्रॉली ढकलत बाहेर आलो आणि लांबून तुझं कपाळ बघितलं. एकदा बघितलंय मी ते. दुसऱ्यांदा माझ्या हाताने नाही करणार."

नवरा गेल्याचं मला फोनवर कळलं होतं. आम्ही एकाच हॉस्पिटलात काम करत होतो आणि मला त्याच्या वॉर्डात जायला परवानगी नव्हती. शेवटचं बघायला म्हणून नर्सने आयपॅडवर व्हिडिओ कॉल जोडून दिला होता, पण आवाज येत नव्हता. गेल्याचा फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि टिकली काढून आरशावर चिकटवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगणारं घरात नव्हतंच. इंग्लंडात, एवढी शिकलेली, पगार घेणारी बाई मी, पण हात आपोआप गेला. ती टिकली अजून आरशावर आहे. साफ करताना मी तिच्या कडेकडेने पुसते.

म्हणून पणजीचा मला हेवा वाटतो हे मी आण्णांना सांगितलं नाही. तिला फोन आला नव्हता.

अमावास्येला आमच्याकडे गुरुजी आले. हे मूळचे पुण्याचे, आठवडाभर कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. नावं घेण्याची वेळ आली तेव्हा आण्णा थांबले. गुरुजींनी मोबाईलमधल्या पोथीवरून नजर वर केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आण्णांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजोबा हयात," ते म्हणाले. गुरुजींनी मनाशी काही हिशोब केला असावा, कारण त्यांचे डोळे जरा मोठे झाले, पण सभ्य माणूस, त्यांनी पुढचं नाव विचारलं.

नोव्हेंबरात, महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, लेकीच्या शाळेने पार्कातल्या स्मारकाशी नेलं तेव्हा आण्णाही गेले. कोटावर, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी इथे लावतात ते कागदाचं लाल फूल लावून, काठी टेकत. या देशात लहानशा गावालाही असा दगड असतो आणि त्यावर नावं कोरलेली असतात. सगळे दोन मिनिटं उभे राहून निघून गेले, आण्णा नावं वाचत राहिले. एकेक, वरपासून खालपर्यंत, हजेरी घेतल्यासारखी. मी म्हटलं, चला, थंडी आहे. ते म्हणाले, "या सगळ्यांच्या बायकांना कळलं होतं."

तिकडे बसऱ्याच्या बाजूला मेसोपोटेमियातल्या मेलेल्यांचं मोठं स्मारक आहे, आणि त्यावर गोऱ्या शिपायाचंही नाव कोरलंय, पण आपले साधे शिपाई तिथे पलटणीगणिक नुसते आकड्यात आहेत, हे त्यांना माहीत होतं. लेकीने प्रेझेंटेशनमध्ये ते घातलं. तास संपल्यावर मिसने म्हणे तिला थांबवून आय अॅम सॉरी म्हटलं. लेकीने मला विचारलं, "ती का सॉरी? तिने काय केलं?" मी म्हटलं, कुणीतरी म्हणायला हवं ना.

आण्णा जानेवारीत गेले. हॉस्पिटलात, माझ्याच इमारतीत. शेवटचे दिवस ते खात नव्हते. इतरांच्या घरच्यांना मी समजावून सांगते की जाणाऱ्या माणसाला बळेच भरवू नका, आणि मी स्वतः मात्र घरून मऊ भात नेऊन चमचा त्यांच्या ओठांशी धरून बसायचे. एका दुपारी त्यांनी दोन चमचे खाल्ले. मग हाताने खूण केली, पुरे. "ताटावरून उठलो म्हणू नकोस," ते म्हणाले. "झालं माझं."

इथे मेल्यावरही तारीख मिळावी लागते. अग्नी द्यायला पुष्कळ दिवस थांबावं लागलं, त्यामुळे गुरुजींनी दिवस तिथून पुढे धरले. मी एकुलती एक. मुलीने केलं तर चालेल का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, "चालेल ताई, तुम्ही नाही तर कोण करणार?" भांडायची तयारी फुकट गेली.

बाराव्याला सपिंडी असते. गेलेल्या माणसाचा भाताचा पिंड करायचा, त्याचे तीन भाग करायचे आणि त्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या पिंडांत मिसळायचे. मग तो पितरांत गेला. गॅरेजमध्ये हीटर लावून आम्ही बसलो होतो. लेक शेजारी. गुरुजींनी विचारलं, "आण्णांच्या वडिलांचं नाव?" मी सांगितलं. "आजोबांचं?"

मी लेकीकडे बघितलं. गुरुजींना अमावास्या आठवत होती. ते हळूच म्हणाले, "हयात म्हणू का ताई? मागच्या वेळेसारखं? मग पुढचं नाव घेऊ." त्यांनी मला वाट करून दिली होती. ती वाट माझ्या घराने शंभर वर्षं वापरली होती. मला वाटलं, आण्णांना जे जमलं नाही ते मी कशाला करू? मी त्या बाईचं कुंकू पुसावं? मी?

पण समोर आण्णांचा पिंड होता. आजोबांना ओलांडून त्यांना पुढे पाठवलं तर ते त्यांच्यात कधी मिसळणारच नव्हते. आणि हे विचारणारं दुसरं कुणी यापुढे या घरात येणार नव्हतं. लेकीचं लेक जाणे. मी जर आज हयात म्हटलं, तर तो माणूस कायमचाच त्या नदीच्या वळणात, कुणी वाढेल म्हणून बसून राहील.

मी त्यांचं नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव पितरांच्या ओळीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं. गुरुजींनी ते नाव मंत्रात घेतलं. मी भाताचा एक पिंड त्यांच्यासाठी ठेवला, आण्णांच्या पिंडाचा तुकडा तोडला आणि त्यात मिसळला. भात कोमट होता. मी तो हलक्या हाताने दाबला. उपाशी माणसाला थोडंथोडंच द्यावं, असं मनात आलं आणि मला रडू आवरेना. लेकीने माझी पाठ धरली.

सगळे गेल्यावर दुपारी मी खिडकीच्या कट्ट्याशी आले. फोटोच्या काचेवर आण्णांनी लावलेलं कुंकू तसंच होतं, सुकून थोडं गळलेलं. लेक मागे येऊन उभी राहिली. "ममा, ते आता पुसायचं असतं?"

"नाही," मी म्हटलं. कुंकवाचा करंडा काढला, बोट ओलं केलं आणि जुन्यावर नवं लावलं. नवमीला तिची सवाष्णही जेवेल. शास्त्रात बसत नसेल तर शास्त्र बघून घेईल. माझ्या स्वतःच्या कपाळाला मात्र तो हात गेला नाही.

पण तिला सांगायला हवं होतं. इतकी वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याने आलोच म्हटलं, जमादाराने अर्धं सांगितलं, नातवाने जन्मभर गिळून ठेवलं. मला निदान फोन आला होता. मी फोटो हातात घेतला आणि लेकीसमोरच, मोठ्याने, मराठीत म्हणाले, "पणजी, ते गेले. नदीकाठी गेले, जमादाराच्या मांडीवर. एकटे नव्हते."

थोडं थांबून म्हटलं, "उपाशी नाही गेले. जेवून गेले. पोटभर."

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, बिस्किटांनी काय केलं तेही, मीच तिच्यासमोर सांगितलं होतं. तिने करंड्याचं झाकण लावलं. पुढचं मीही पणजीला सांगितलं नाही.